कण्हेरीचं विष कोणाला पचतं?

मे महिन्यात कुठल्याही महामार्गावरून जा. डांबर तापून मऊ झालेलं असतं, दोन्ही अंगांनी ट्रक धावत असतात आणि मधल्या दुभाजकात माती म्हणाल तर खडी, मुरूम आणि उरलासुरला राडारोडा. पाण्याचा टँकर कधी येतो, कधी येत नाही. अशा जागी कण्हेर फुललेली असते. तांबडी, गुलाबी, पांढरी. नुसती तग धरून नव्हे, तर भरभरून. बागेत लाडाने वाढवलेली झाडं त्याच उन्हात माना टाकतात.

रस्ते बांधणाऱ्यांना ती का आवडते ते उघड आहे. वर्षभर हिरवी, दाट, समोरच्या गाडीच्या दिव्यांचा झोत अडवेल इतकी उंच, छाटली की पुन्हा फुटणारी. फांदी तोडून खोचली तरी लागते. गुरं-शेळ्या तिला सहसा तोंड लावत नाहीत. पण हे गुण तिला रस्त्यासाठी मिळालेले नाहीत. रानातली कण्हेर ही कोरड्या नदीची रहिवासी. भूमध्य समुद्राच्या काठापासून इराणमार्गे वायव्य भारत आणि पुढे चीनपर्यंत, वर्षाचे कितीतरी महिने आटलेल्या ओढ्यांच्या पात्रात ती आपली आपण वाढते. मुळं खाली वाळूतल्या ओलीत, शेंडा भाजणाऱ्या उन्हात, आणि अधूनमधून सगळं झोडपून जाणारा पुराचा लोंढा. दगडगोट्यांत हजारो पिढ्या काढलेल्या झुडपाला दुभाजक म्हणजे ओळखीचाच मुलूख. ‘नेरियम’ या वनस्पतीशास्त्रीय प्रजातीत ही एकच जाती आहे. सख्खी भावंडं नाहीत. चुलत गोतावळा मात्र मोठा: रुई, तगर, चाफा, सदाफुली, सर्पगंधा, सातवीण. मराठी वनस्पतीशास्त्राच्या पुस्तकांत या कुळाला कण्हेरीवरूनच करवीर कुल म्हणतात.

बारावीपर्यंत जीवशास्त्र घेतलेल्यांना कण्हेरीच्या पानाचा आडवा छेद आठवत असेल. पान वरून चामड्यासारखं जाड, मेणचट. खालच्या बाजूला सूक्ष्म खळगे, खळग्यांत केसांची गच्च लव, आणि श्वास घेण्याची छिद्रं त्या लवेआड लपलेली. पाणी वाचवण्याची ही युक्ती, असं आपण परीक्षेत लिहून आलो. गंमत म्हणजे २००९ साली अशा खळग्यांचं संगणकावर प्रतिमान करून पाहिलं, तेव्हा बाष्पीभवन त्यांच्यामुळे फारसं कमी होत नाही असं दिसलं. पाणी वाचतं ते मुख्यतः छिद्रं वेळेवर मिटल्यामुळे. खळग्यांचं खरं काम काय यावर अजून वाद चालू आहेत. पाठ्यपुस्तकातलं चित्र बरोबर आहे, त्याखालचं वाक्य तेवढं डळमळीत झालंय.

फुलाचीही एक लबाडी आहे. एकेरी फूल हातात घेऊन त्याच्या नळीत डोकावलं, तर मध्ये पिसासारखे केस एकमेकांत पिळून बसलेले दिसतात. ती परागकोषांची टोकं. खाली त्यांचा शंकू मिटलेला असतो आणि आत स्त्रीकेसर. रंग, मंद वास, खोल नळी, सगळा थाट मधाच्या फुलाचा. आणि आत मध नाही! लांब सोंडेचा एखादा भोळा कीटक आशेने सोंड खुपसतो, ती परागकोषांच्या फटीत घासली जाते आणि पराग घेऊन तो रिकाम्या पोटी पुढच्या फुलाकडे जातो. स्पेनमधल्या रानटी कण्हेरींचा अभ्यास झाला, तेव्हा फुलं उदंड पण फळं थोडी असं चित्र दिसलं. फसवणुकीवर चालणाऱ्या धंद्यात गिऱ्हाईक वारंवार येत नाही, हे ओघानं आलंच. म्हणून कण्हेर जास्त फुलते आणि जास्त दिवस फुलते. आपल्याला जो बहर दिसतो तो बराचसा न लागलेल्या फळांचा.

आपल्याकडे तिचं येणं-जाणं देवघरातून आहे. गणेश चतुर्थीला वाहायच्या एकवीस पत्रींत करवीर, म्हणजे कण्हेर, असते. त्याच यादीत रुई आहे, धोत्राही आहे. कापूस-वस्त्राशेजारी ही तीन विषारी पानं तबकात निवांत पडलेली असतात आणि कुणाला काही वाटत नाही, कारण पत्री वाहायची असते, खायची नसते. आपल्या परंपरेनं या झाडाशी नातं ठेवलं ते नेमकं या बेतानं: जवळ ठेवा, पण तोंडापासून लांब.

वैद्यांच्या ग्रंथांतही हाच बेत दिसतो. चरकसंहितेत औषधांचे दहा-दहांचे गट आहेत. त्यांतल्या कुष्ठघ्न गटात, म्हणजे त्वचारोगांवरच्या दहा द्रव्यांत, खैर, हिरडा, आवळा, हळद यांच्या पंक्तीला करवीर बसलेली आहे. सुश्रुतसंहितेच्या कल्पस्थानात विषांची वर्गवारी आहे. तिथे मुळात विष असलेल्या आठ वनस्पती सांगितल्यात आणि त्यांत गुंजेच्या सोबतीला पुन्हा तीच कण्हेर, अश्वमार या नावानं. एकच झुडूप एका यादीत औषध आणि दुसऱ्या यादीत घोडा मारणारं विष. सोळाव्या शतकातला भावप्रकाशही तिचे व्रणावरचे, खाजेवरचे गुण सांगतो आणि पोटात गेली तर विषासारखी समजावी असं बजावतो. रसशास्त्रानं तिला उपविषांत घातलं आणि वापराआधी शोधनाची अट लावली: मुळी फडक्यात बांधायची, दोलायंत्रात, म्हणजे भांड्यात अधांतरी टांगून, गाईच्या दुधात शिजवायची.

मुख्य वापर बाहेरून. मुळाच्या सालीचा लेप गजकर्णावर, खरजेवर, नायट्यावर. पानांच्या काढ्यानं चिघळलेली जखम धुणं. चरकानं त्वचारोगांच्या प्रकरणात सांगितलेलं श्वेत करवीराद्य तेल. खेड्यापाड्यांतही लेपाची ही वहिवाट पोचली. जुन्या वैद्यांपुढे प्रयोगशाळा नव्हती, पण कातडीच्या आत आणि बाहेर यांतला फरक त्यांनी बरोबर हेरला होता. तरी एक सांगायला हवं. जखम उघडी असेल तर कातडी हा काही पक्का दरवाजा राहत नाही. परंपरेत आहे म्हणून कण्हेरीचं मूळ उगाळून चिघळलेल्या गजकर्णावर लावणं हा आज शहाणपणा नव्हे. त्यासाठी स्वस्त आणि खात्रीची मलमं मिळतात.

आता मूळ प्रश्न. हे विष करतं तरी काय?

आपल्या प्रत्येक पेशीच्या आवरणात एक पंप बसवलेला आहे. तो एका फेरीत सोडियमचे तीन कण बाहेर फेकतो आणि पोटॅशियमचे दोन आत घेतो. इतकंच काम, पण अखंड. आपण नुसते पडून असतो तेव्हाही शरीराच्या ऊर्जेचा निदान पाचवा हिस्सा हा पंप खातो. मज्जातंतूतून संदेश जातो, स्नायू आखडतो, हृदय ठोका देतं, ते या दोन बाजूंच्या तफावतीवर. कण्हेरीतलं ओलिअँड्रिन आणि त्याचे भाऊबंद बाहेरून येऊन या पंपाच्या एका खाचेत फिट बसतात. पंप अडतो. पेशीत सोडियम साचतं, त्यामागून कॅल्शियम वाढतं, आणि कॅल्शियम वाढलं की हृदयाचा स्नायू जास्त जोरानं आखडतो. थोडक्यात थांबलं तर थकलेल्या हृदयाला बळ. जरा पुढे गेलं तर ठोक्यांची लय विस्कटते, रक्तात पोटॅशियम चढतं आणि हृदय थांबतं. औषध आणि विष अशी दोन द्रव्यं तिच्यात नाहीतच. एकच द्रव्य, एकच खाच, फरक फक्त मात्रेचा.

हा पंप सापडण्याच्या गोष्टीतही कण्हेरीची चुलत भावंडं आहेत. डेन्मार्कमधल्या ऑर्‌हूसला येन्स स्कौ खेकड्याच्या पायातल्या मज्जातंतूंवर काम करत होते. १९५७ साली त्यांनी सोडियम आणि पोटॅशियम दोन्ही असताना जोरात चालणारं एक विकर प्रसिद्ध केलं. हाच तो पंप, हे म्हणायला ते धजावत नव्हते. पुढच्या वर्षी व्हिएन्नाच्या परिषदेत रॉबर्ट पोस्ट या अमेरिकी शास्त्रज्ञानं त्यांना विचारलं, तुमचं विकर वाबेननं बंद पडतं का? स्कौंना वाबेन ठाऊकच नव्हतं. त्यांनी प्रयोगशाळेत फोन करून ते तपासायला लावलं. विकर बंद पडलं, आणि शंका फिटली. वाबेन हे आफ्रिकेतल्या शिकाऱ्यांचं बाणाला लावायचं विष. ते ज्या झाडांतून काढतात ती करवीर कुलातलीच. स्कौंना १९९७ साली रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं, त्यांच्या वाट्याला अर्धं.

युरोपात या जातीची विषं औषधाच्या पेटीत आली ती वेगळ्या झाडातून. विल्यम विदरिंग या इंग्रज डॉक्टरच्या कानावर श्रॉपशरमधल्या एका म्हातारीचा जलोदरावरचा गुप्त काढा आला. त्यात वीसेक वनस्पती होत्या. खरी गुणाची फॉक्सग्लोव्ह हे त्यांनी ताडलं. मग दहा वर्षं रुग्णांच्या नोंदी ठेवल्या, कोण बरं झालं आणि कोणाला अपाय झाला ते दोन्ही लिहिलं, आणि १७८५ साली पुस्तक काढलं. फॉक्सग्लोव्हच्या भावंडातून काढलेलं डिजॉक्सिन आजही हृदयरोग्यांना देतात, मायक्रोग्रॅममध्ये मोजून आणि अनेकदा रक्तातली पातळी तपासत. कण्हेरीला ही वाट मिळाली नाही. एका झुडपात, एका ऋतूत, एका पानात विष किती भरेल याचा नेम नाही. आणि गुण येण्याची मात्रा व घात करण्याची मात्रा शेजारी शेजारी. हातात शुद्ध, मोजता येण्याजोगं डिजॉक्सिन असताना असल्या झाडाचा पाला कोण मोजत बसेल?

पण ज्यांना मोजावं लागत नाही असे काही जण आहेत, आणि मला या सगळ्या कथेत सर्वांत अचंबा वाटतो तो त्यांचाच. कण्हेरीवरच्या किड्यांचा.

कोवळ्या शेंड्यांवर पिवळाधमक मावा चिकटलेला तुम्ही पाहिला असेल. काळे पाय, हळदीसारखं अंग, शेकड्यांनी. बहुतेक सगळ्या माद्या, नराशिवाय थेट पिल्लं देणाऱ्या. रसासोबत विषही त्या शोषतात आणि अंगात साठवतात. तो पिवळा रंग लपण्यासाठी नाहीच. तो पाटी लावून बसलाय की खाल तर पस्तावाल.

दुसरी पाहुणी म्हणजे एका मोठ्या पतंगाची अळी. बोटाएवढी जाड, हिरवीगार, पुढच्या भागावर दोन निळे डोळ्यांसारखे ठिपके. ही कण्हेरीवर, तगरीवर, सदाफुलीवर सापडते आणि पाच-सहा दिवसांत फांद्या ओक्याबोक्या करते. संशोधकांनी या अळीचा पंप काढून तपासला. अपेक्षा अशी की तो विषाला दाद देत नसणार. पण तो आपल्या पंपाइतकाच नाजूक निघाला! मग अळी मरत का नाही? तिच्या मज्जातंतूंभोवती एक आवरण आहे. ते विषाला तंतूपर्यंत पोचूच देत नाही. कुलूप बदललं नाही, वाड्याभोवती तट बांधला.

तिसरं फुलपाखरू कॉमन क्रो, तपकिरी-काळं, पंखांच्या कडेला पांढऱ्या ठिपक्यांची किनार असलेलं. पावसाळ्यात आणि त्यानंतर ते मुंबई-पुण्याच्या सोसायट्यांतही दिसतं. त्याचाही पंप नाजूकच. त्याच्या अळीच्या रक्तात कण्हेरीचं विष जवळजवळ पोचतच नाही, अंगात न भिनताच बाहेर जातं. म्हणजे आयुष्यभर विष खाऊन हे फुलपाखरू कण्हेरीच्या विषानं विषारी होत नाही! संरक्षण ते दुसरीकडून मिळवतं. नर खुळखुळ्याच्या आणि भुरुंडीसारख्या वनस्पतींवर गोळा होतात आणि वाळक्या भागांतून वेगळ्याच जातीची कडू द्रव्यं चोखतात. आणि कॉमन क्रोचा कोष? कण्हेरीच्या पानाखाली टांगलेला तो कोष आरशासारखा चकाकतो, रुपेरी-सोनेरी. त्यात धातूचा कणही नसतो. कवचात अतिशय पातळ पारदर्शक थर एकावर एक रचलेले असतात आणि त्यांच्यावरून परतणारा प्रकाश एकमेकांत मिसळून ती झळाळी येते.

खाचच बदलून टाकणारेही आहेत. अमेरिकेतलं मोनार्क फुलपाखरू रुईच्या तिकडच्या नातेवाइकांवर जगतं. त्याच्या पंपात तीन ठिकाणी एकेक अमिनो आम्ल बदललंय आणि विष खाचेत नीट बसतच नाही. २०१९ साली शास्त्रज्ञांनी जनुक-संपादनानं फळमाशीत तेच तीन बदल केले. माश्या ते विष खाऊन जगल्या. एवढंच नाही, मोनार्कसारखं थोडं विष त्यांच्या अंगात प्रौढपणीही उरलं. आणखी नवल पुढे आहे. यातला सर्वांत प्रभावी बदल एकटाच केला, तर माशी विषाला पुरून उरते, पण बाटली जोरात हलवली की लुळी पडते. मज्जासंस्थेला तो झेपत नाही. दुसरा बदल आधी झालेला असेल तर हा दोष निवळतो. म्हणजे बदल कोणत्या क्रमानं घडावेत यालाही उत्क्रांतीत मर्यादा होती. बेडूक, साप, भुंगे अशा भिन्न प्राण्यांत, या जातीच्या विषाशी गाठ पडली तिथे, पंपाच्या त्याच दोन-तीन जागा पुन्हा पुन्हा बदललेल्या आढळतात. कोट्यवधी वर्षांत, एकमेकांची खबर नसताना, उत्तर तेच.

माणसाचा पंप मात्र जुनाच आहे. तट नाही, बदललेली खाच नाही. आपल्यासाठी उतारा मेंढीत तयार होतो. डिजॉक्सिनविरुद्ध मेंढीच्या रक्तात प्रतिपिंडं तयार करतात, त्यांचे तुकडे शुद्ध करून रुग्णाच्या शिरेत सोडतात. ते विषाचे रेणू पकडून ठेवतात. कण्हेरीच्या विषाचा आकार डिजॉक्सिनशी इतका मिळताजुळता की हाच उतारा तिथेही चालतो. श्रीलंकेत पिवळ्या कण्हेरीच्या, म्हणजे बिट्टीच्या, विषबाधेचे रुग्ण गेली काही दशकं मोठ्या संख्येनं येत आले आहेत. तिथेच हा उतारा रुग्णांवर रीतसर तपासला गेला, २००० साली निष्कर्ष आले आणि तो गुणकारी ठरला. अडचण किमतीची. जिथे गरज सर्वांत जास्त, त्या गावातल्या दवाखान्यांना तो परवडत नाही. बिट्टी मुळात अमेरिकेच्या उष्ण भागातली. वेगळी प्रजाती, पण कुळ तेच आणि विषाची तऱ्हाही तीच. आपल्या कुंपणांत दोघी शेजारी शेजारी उभ्या असतात.

झाड इतकं जहाल म्हटल्यावर दंतकथा येणारच. नेपोलियनच्या सैनिकांनी स्पेनमध्ये कण्हेरीच्या काटक्यांवर मांस भाजलं आणि ते मेले, ही कथा शंभर ठिकाणी वाचायला मिळते. अमेरिकेतल्या काही विषतज्ज्ञांनी एकदा खरंच कण्हेरीच्या काटक्यांवर हॉटडॉग भाजून तपासले. मांसात विष नगण्य उतरलं होतं. उलट बाजूच्या दंतकथा मला जास्त धोकादायक वाटतात. कण्हेरीचा अर्क कॅन्सरवर चालतो असा दावा अनेक वर्षं फिरतोय. माणसांवर झालेल्या सुरुवातीच्या चाचण्यांत सुरक्षित मात्रा शोधली गेली, गाठी विरघळल्याचं काही दिसलं नाही. २०२० साली ओलिअँड्रिन कोविडवरचा तोडगा म्हणून पुढे आलं. आहारपूरक म्हणून ते विकायची परवानगी अमेरिकेच्या औषध प्रशासनानं त्याच ऑगस्टमध्ये नाकारली. काचेच्या ताटलीतल्या पेशी कण्हेरीनं मरतात हे खरं आहे. पण त्या कशानं मरत नाहीत?

एक आख्यायिका मात्र मला मोडवत नाही. अणुबॉम्बनंतर हिरोशिमात पंचाहत्तर वर्षं काही उगवणार नाही अशी बोलवा होती. तिथे लवकर फुललेल्यांत कण्हेर होती म्हणतात. १९७३ साली ती त्या शहराचं फूल ठरली.

केरळात २०२४ च्या मे महिन्यात एका तरुणीच्या मृत्यूमागे कण्हेर असल्याचा संशय आला, आणि तिथल्या देवळांचा कारभार पाहणाऱ्या देवस्वम मंडळांनी नैवेद्यात व प्रसादात ही फुलं वापरायला मनाई केली. पूजेला वाहायला हरकत ठेवली नाही. हा निर्णय मला नेमका वाटतो आणि आपल्याकडेही तो सहज पाळता येईल. कण्हेरीचं फूल प्रसादाच्या ताटात, तीर्थाच्या भांड्यात नको. विसर्जनानंतरचं निर्माल्य आणि कुंपणाची छाटणी गुरांच्या वाटेत टाकू नका. पानं वाळली तरी विष जात नाही, आणि वाळक्या पाल्याचा कडूपणा जनावराला तितका कळत नाही. छाटलेला पाला जाळू नका, पुरा. लहान मुलांना झाड दाखवून सांगा की हे बघायचं, चावायचं नाही. आणि कोणी कुठलाही भाग खाल्ल्याचं कळलं, तर मीठपाणी पाजून उलटी काढत घरी वेळ घालवू नका. झाडाची एक फांदी पिशवीत घालून रुग्णासोबत सरळ हृदयाच्या ठोक्यांचा आलेख काढणाऱ्या रुग्णालयात जा. डॉक्टरांना ‘काहीतरी पाला खाल्ला’ असं न सांगता ‘कण्हेर’ असं स्पष्ट सांगा.